जुन्या गाडीचा कणा



काळी नदीवरील सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. ज्या गावावरून या तालुक्याला सुपे हे नाव मिळाले होते, ते गावच जलाशयाच्या उदरात गेले. कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि तालुकाही जोयडा म्हणून ओळखला जाऊ लागला. गावे जातात, रस्ते बुडतात. परंतु त्या रस्त्यांवरून धावलेली एखादी जुनी जीप अजूनही कोणाच्या तरी पडवीशेजारच्या छपराखाली उभी असते. घरातील तरुण मंडळी ती पुन्हा चालती करतात. अणशीच्या घाटात ती डुलते, खडखडते, आणि मग कोणीतरी हमखास सल्ला देतो, “चासीला लोखंड मारा, घट्ट होईल.” हा सल्ला मानावा की मानू नये, हे ठरविण्यापूर्वी त्या चासीचा इतिहास पाहणे हिताचे आहे.

मोटार जन्मली ती घोडागाडीच्या कुळात. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे निजवलेली शिडीच. तिच्यावर यंत्र आणि बैठक. या तुळया बहुधा पन्हळीसारख्या, तीन बाजूंनी बंद व चौथ्या बाजूने मोकळ्या असत. अशी शिडी भार वाहण्यास समर्थ, पण पीळ सोसण्यास दुबळी. याचे कारण समजण्यास जोयड्याच्या रानातला बांबू पुरे आहे. अखंड बांबू दोन्ही हातांनी पिळून पाहा, तो दाद देत नाही. त्यालाच एका बाजूने टोकापासून टोकापर्यंत उभी चीर द्या. बांबू तेवढाच राहतो, पण आता तो हातात वळू लागतो. पिळाचा जोर नळीच्या भिंतीतून गोलाकार फिरत असतो. चीर पडली की त्याची वाट तुटते. म्हणूनच बंद पेटीसारखी तुळई उघड्या पन्हळीहून पिळाला शेकडो पटींनी ताठ असू शकते.

हे ओळखून काही कारागिरांनी शिडीच टाकून दिली. १९२२ मध्ये इटलीच्या व्हिन्सेन्झो लान्चाने ‘लॅम्डा’ ही गाडी जगापुढे मांडली. तिचे अंग हाच तिचा सांगाडा होता. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने हीच कल्पना घाऊक उत्पादनात उतरविली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कारखान्यातून कुर्ल्याला बाहेर पडलेली फियाट अकराशे, तिचीच पुढे झालेली पद्मिनी, आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिलेली अँबॅसडर या साऱ्या याच वंशातल्या. यांना वेगळी शिडी नाही. यांचे बळ तळपत्र्यात, छपरात आणि दाराखालच्या उंबरठ्यात साठविलेले असते.

जीपने मात्र जुनीच वाट धरली. अमेरिकन सैन्याच्या मागणीवरून १९४० मध्ये बँटम कंपनीने तिचा पहिला नमुना केला; महायुद्धात विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या घडविल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढच्या-मागच्या चाकांत केवळ ८० इंचांचे अंतर आणि पोलादी पाट्यांवर बसविलेले आख, अशी ही गाडी. तिच्या शिडीचे थोडेसे वळणे हा निव्वळ दोष नव्हे. एक चाक खड्ड्यात उतरले की पाटे आणि चासी दोन्ही किंचित नमतात आणि उरलेली चाके जमीन सोडत नाहीत. बैलगाडीचा साटाही असाच चाकोरीबरोबर हलतो. तो हलतो म्हणून टिकतो.

आता निवडीचा प्रश्न. चासीच्या मध्यावर जाड पट्टी झाळली, तर तेवढा भाग ताठ होतो. पण पीळ नाहीसा होत नाही, तो पट्टीच्या टोकाशी जाऊन साठतो आणि तडा तेथे पडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. म्हणून पहिले काम गंज काढण्याचे, दुसरे ढिले रिव्हेट आणि झिजलेले रबरी बुश बदलण्याचे. पुष्कळ गाड्यांचा ढिलेपणा येथेच संपतो. त्यानंतर चासीचे दोन्ही कर्ण मापून ती वाकडी नाही ना, हे पाहावे. पाट्यांच्या आधारांपाशी किंवा स्टिअरिंगच्या पेटीखाली तडा असेलच, तर तेवढ्याच जागी पट्टी द्यावी. तिची टोके सरळ न कापता निमुळती ठेवावीत, म्हणजे जोर एकदम न अडता हळूहळू उतरतो. उघडी पन्हळ बंद करायचीच असेल, तर पाणी निथळण्यास भोके ठेवावीत. या मुलखातला पाऊस बंद पेटीत शिरला, तर गंज आतून काम करीत राहतो आणि बाहेर त्याचा मागमूसही लागत नाही.

अँबॅसडर किंवा पद्मिनीची गोष्ट निराळी. तेथे प्रथम उंबरठा तपासावा. एक कोपरा जॅकवर उचलला असता दाराची फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर कणा खचला असे समजावे. कुजलेला उंबरठा कापण्यापूर्वी गाडी समपातळीवर टेकवून दाराच्या चौकटीत तात्पुरते आडवे आधार द्यावेत; नाहीतर आलेला वाकडेपणा नव्या झाळकामाने कायमचा होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते असे.

या निवडीला आणखी एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनाच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चासीत, अंगात वा इंजिनात फेरबदल झालेला नसावा. शिवाय अशी नोंदलेली गाडी नित्याच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. तेव्हा छपराखालच्या त्या जीपने रोज घाट चढायचा आहे, की एका बुडालेल्या गावची आठवण म्हणून जपले जायचे आहे, हे घरच्यांनी आधी ठरवावे. मिस्त्रीच्या हाती झाळयंत्र देण्याची वेळ त्यानंतरची. एकदा झाळलेले लोखंड काढता येईल. पण त्याखालची मूळ चासी पूर्वीसारखी हाती येईलच असे नाही.