आंकड्यांचा पत्ता आणि माणसाची अब्रू

नांदूरघाट हें बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील गांव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत असे, व त्या राज्याचें टपाल आणि तिकिटेंहि स्वतंत्र होतीं. त्या काळीं पाकिटावर मनुष्याचें व त्याच्या वडिलांचें नांव, गांव आणि तालुका इतकें लिहिलें म्हणजे पत्र पोंचण्यास पुरे होई. पत्ता म्हणजे मनुष्याची ओळख, आणि ती ओळख पटविणाराहि मनुष्यच, म्हणजे गांवचा टपालवाला.

पुढें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशांत सहा आंकड्यांचा पिनकोड सुरू झाला. ही योजना टपालखात्यांतील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. नांदूरघाटच्या पत्रावर आज घालतात तो क्रमांक ४३१ या आंकड्यांनीं सुरू होतो. त्यांतील पहिल्या आंकड्यावरून विभाग कळतो, पहिल्या तिहींवरून टपालवांटणीचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींवरून टपालकचेरी. परंतु हा क्रमांक पत्र कचेरीपर्यंत नेतो. घर आणि मनुष्य शोधण्याचें काम पुढेंहि टपालवाल्याकडेच राहतें. श्रोत्यांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, म्हणजे पुढचा विषय सोपा होईल.

इंटरनेटवरहि असाच आंकड्यांचा पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. त्याचे नियम १९८१ सालीं प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें ती पद्धति स्वीकारली. आपल्याकडे विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सामान्य जनतेस खुलें केलें. या पत्त्यांत चार संख्या असतात, व प्रत्येक संख्या शून्यापासून २५५ पर्यंत. असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ होतात. ही संख्या मोठी वाटते खरी, पण जगाची लोकसंख्या तिच्याहून अधिक आहे. फेब्रुवारी २०११ मध्यें या पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा संपला. याहून पुष्कळच लांब असे नवे पत्ते आतां प्रचारांत आले आहेत, तरी जुन्यांचें काम अद्याप सुटलेलें नाहीं. म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या एकच पत्ता आळीपाळीनें अनेकांस देतात. कित्येकदां तर एकाच वेळीं अनेकांस देतात. सकाळीं जो पत्ता एका घराचा, तोच सायंकाळीं दुसऱ्याचा होऊं शकतो.

आपण एखादें संकेतस्थळ उघडतों तेव्हां आपला हा पत्ता तेथें कळतोच. तो कळल्यावांचून उत्तर परत कसें येणार? त्यावरून कंपनी कोणती आणि प्रदेश साधारण कोणता, इतकें अनुमान करितां येतें. तेंहि पुष्कळदां फसतें. नांदूरघाटांत बसलेला मनुष्य पुण्यामुंबईस आहे असेंहि दिसूं शकतें. ग्राहकाचें नांव असतें तें कंपनीच्या नोंदवहींत, आणि तें तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांस मिळतें. आतां ही नोंदच चुकली, किंवा नोंद बरोबर असून हात दुसऱ्याचा असला, तर काय होतें? महाराष्ट्रांत दोन्ही प्रकार घडले आहेत.

२००७ सालीं ऑर्कुट या संकेतस्थळावर शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर आला. तपास आयपी पत्त्यावरून झाला आणि पुणे पोलिसांनीं बंगलोरच्या एका तरुण संगणकतज्ज्ञास अटक केली. पुढें उघड झालें कीं, त्या पत्त्याचा ग्राहक म्हणून त्याचें नांव चुकून दिलें गेलें होतें. तोंवर त्या निरपराध मनुष्याचे सुमारें ५० दिवस तुरुंगांत गेले होते. पुढच्याच वर्षीं, २६ जुलै २००८ रोजीं, अहमदाबादेंतील बाँबस्फोटांच्या कांहीं मिनिटें आधीं एक धमकीचा ई-मेल निघाला. त्याचा पत्ता नवी मुंबईंतील एका अमेरिकन गृहस्थाच्या घराचा निघाला. येथें नोंद खरी होती. पण त्या घराच्या वाय-फायला संरक्षण नव्हतें, व परक्यांनीं त्याचा उपयोग करून घेतला होता. पत्ता दाराचा होता. दारांतून कोण आलें गेलें, हें आंकड्यास ठाऊक नव्हतें.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा हक्क मोलाचा खरा. तथापि घराची कडी आपणच लावावयाची असते. वाय-फायला चांगला सांकेतिक शब्द ठेवावा. यंत्राबरोबर आलेला तसाच राहूं देऊं नये. पाहुण्यास तो दिल्यास पुढें बदलावा. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारीं कुलुपाची खूण असली, तर वाटेंत मजकूर कोणास वाचतां येत नाहीं. मात्र पाकिटावरचा पत्ता दिसावा तसें आपण कोणत्या स्थळीं गेलों हें दिसूं शकतें. व्हीपीएन वापरल्यास तेंहि आपल्या कंपनीपासून झांकतें, पण मग व्हीपीएन चालविणाऱ्यास तें कळतें. विश्वास एकाऐवजीं दुसऱ्यावर टाकला, इतकेंच. आणि आपलें नांव घालून आपण आंत शिरलों, तर पत्ता लपवून कांहींच साधत नाहीं.

जुना टपालवाला पत्र हातीं देण्यापूर्वीं तोंड पाहून घेत असे. आज आंकड्यावरून कोणाचें नांव पुढें आलें, म्हणजे तोंड पाहण्याचें तें काम उरतेंच. तें तपास करणाऱ्यानें करावें, आणि बातमी ऐकून निवाडा देण्यास निघालेल्या आपणहि तोंवर थांबावें.