पर्वतीखालची लंका

पेशवाईत एकदा पुण्यात लंका जळाली. आतषबाजीच्या इतिहासावरच्या परशुराम कृष्ण गोडे यांच्या १९५३च्या पुस्तकात बखरीतली ही गोष्ट आहे. कोट्याच्या दिवाळीत दारूकामाची लंका कशी पेटते, हे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं. पेशव्यांनी तशीच पर्वतीच्या पायथ्याशी उभारायला लावली. राक्षस, हनुमंत, सगळं दारूचं! स्वतः पाहिली टेकडीवरून. तेव्हा खाली तळं होतं. पाण्यातही ती जळाली असणार. मोक्याची जागा मालकाची.

आता ३१ डिसेंबरला मुंबईच्या समुद्रात बोटीतून आतषबाजी पाहायला तिकीट लागतं. आमच्या भातकुलीत, खारपाणपट्ट्यात, ना टेकडी ना बोट. लक्ष्मीपूजनाला गच्चीवर चढायचं. अमरावतीकडचं आभाळ उजळलं की शेजारची पोरं घुसतात, "सरका नं भाऊ!"