जोगतिणीच्या भाकरीचा प्रश्न

देवदासी प्रथेचा इतिहास आपण कायद्यांच्या सनावळीने शिकवतो. १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा, १९८२ चा कर्नाटकाचा, २००५ चा महाराष्ट्राचा. मीही वर्गात तसाच शिकवीत आलो. या सनावळीत एक प्रश्न मात्र कुठेच येत नाही : सोडलेल्या बाईने खायचे काय?

हा प्रश्न मला घराने दिला. माझ्या वडिलांच्या चुलत बहिणीला जट आली आणि तिला यल्लम्माला सोडली. आजी सांगायची, त्या साली घरात दाणा नव्हता. पोर देवाची झाली की लग्नाचा खर्च टळतो, परडीत जोगव्याचे पीठ पडते. श्रद्धा होतीच; पण त्या श्रद्धेच्या पोटात भूक होती. पुढे एका ओळखीच्या बाईने तिला मुंबईला 'कामाला' नेले. मनिऑर्डरी येऊ लागल्या. अंगठा उठवून पैसे घेणाऱ्या आजोबांनी काम कसले ते कधी विचारले नाही. त्यातूनच वडिलांची शाळा झाली. मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या पदवीच्या पायाशी ती मनिऑर्डर आहे.

आपल्या पूर्वसूरींनी हे दुखणे ओळखले होते. शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळी सोडण्याच्या चालीवर आघात केला. १९२० साली शाहू महाराजांनी जोगतिणींच्या वारसाहक्कासाठी कायदा केला. म्हणजे प्रश्न मालमत्तेचाही आहे, हे त्यांनी जाणले होते.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना हा धंदा सोडा, असे निक्षून सांगितले. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, त्याचे शेकडो मार्ग आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. काहींना हे कठोर वाटते. मला त्यात आपल्यावर टाकलेली जबाबदारी दिसते. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. इज्जतीची आणि भाकरीची लढाई त्यांनी कधी वेगळी मानली नाही.

ती वेगळी केली ती आपण. समारंभात शिवणयंत्र वाटायचे, फोटो काढायचा, झाले पुनर्वसन! पण त्या यंत्रावर कपडे शिवून घ्यायला गावातले कोण येणार? जोगतिणीने लाटलेले पापड कोणत्या वाड्यात जाणार? जिथे बाजारालाही जात आहे, तिथे नुसते हुन्नर शिकवून चूल पेटत नाही. तिच्या नावावर जमिनीचा तुकडा, बारमाही मजुरी, रेशनकार्ड आणि तिच्या मुलीला वसतिगृहात जागा, एवढे तरी हवे.

दलाल कायद्याची वाट पाहत नाही. घरातला दाणा संपला की तो उचल घेऊन दारात उभा राहतो. त्याच्या आधी त्या दारात कोण पोचणार? माझ्या आत्याच्या दारात कुणीच पोचले नाही.