हल, नांगर आणि बखर

'बखर' म्हटलं की आपल्याला सभासद आठवतो. भोपाळ-सीहोरकडच्या जुन्या शेतकऱ्याला तोच शब्द ऐकवा, त्याला बैलजोडी आठवेल. इकडचं बखर म्हणजे आपला वखर: जमिनीला समांतर आडवी लोखंडी पास असलेलं अवजार. आपली ऐतिहासिक बखर अरबी 'खबर'वरून आली असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे दोघींचं नातं नाही.

पण हा नुसता शब्दखेळ नव्हे. इकडच्या काळ्या जमिनी पूर्वी पावसाळ्यात मोठ्या प्रमाणावर पडीक ठेवत आणि रब्बीला गहू-हरभरा घेत. उघडीप मिळाली की वखराच्या पाळ्या द्यायच्या, तण कापायचं, ओल धरायची. नांगराचा टोकदार फाळ जमीन फाडतो, वखराची पास वरचा थर कापत जाते. काळ्या रानात खरा राबता वखराचा. म्हणून कुठलंही जुनं लाकडी औत दिसलं की त्यावर 'हल' अशी चिठ्ठी लावायची, हे मला पटत नाही. 1970 नंतर सोयाबीन आलं, पावसाळी पडीक शेतं भरली, पुढे ट्रॅक्टर आले. अवजार गेलं आणि फरकही विसरला.

'हल' शब्दाचा मान मात्र मोठा. परमारांच्या दानपत्रांत जमीन 'हल' या मापात दिलेली आढळते. आपल्याकडेही 'चार औतांचा शेतकरी' म्हणजे किती जमीन, हे गावाला न मोजता कळायचं!

आपला 'नांगर' संस्कृत 'लांगल'वरून आला. जहाजाचा नांगर वेगळा, तो फारसी 'लंगर'. आणि गाढवाचा नांगर? 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवल्याचं आपण ऐकतो, पण ही रीत फार जुनी. ओडिशातल्या खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात, अभ्यासकांच्या प्रचलित वाचनानुसार, शत्रूचं नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख आहे. तो लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

विदिशा, रायसेन, सीहोरकडे कुणाच्या घरी माळ्यावर असं औत पडलं असेल तर फोटो जरूर काढा, पण भागांची नावंही टिपून घ्या. आपण रुमणं, हाळीस, फाळ, पास म्हणतो. तिथे काय म्हणतात? आणि घरचे त्याला हल म्हणतात की बखर, हे चिठ्ठी लिहिण्याआधी विचारा.