मजुरी आणि फारखत

आमच्या नगरातील बीबीचा मकबरा पाहून परतणारा प्रवासी त्याच्या घुमटाची स्तुती करतो. परंतु तो उभारणाऱ्या हातांना मोबदला कसा मिळाला असेल, हा प्रश्न त्याच्या मनास क्वचितच शिवतो. दगडाचे काम ज्यांच्या कुळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या आम्हां पाथरवटांस मात्र तो टाळता येत नाही.

दिलरस बानू बेगमेची ही समाधी १६६० च्या सुमारास बांधली गेली. प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुकार अताउल्ला व अभियंता हंसपत राय अशी दोन नावे आहेत. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’ ग्रंथात खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. हिशेब आण्यापर्यंत राहिला; दगड घडविणारे व चुन्याचा गिलावा करणारे मात्र त्या लेखात निनावीच राहिले.

बांधकाम-कारागिराचे हे दुबळेपण केवळ नावापुरते नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे १७० वे कलम पाहावे. हिऱ्यास पैलू पाडणारा जवाहिऱ्या किंवा कोट शिवणारा शिंपी मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःपाशी अडवून ठेवू शकतो. यासच धारणाधिकार म्हणतात. परंतु गवंड्याने रचलेला दगड मालकाच्या भूमीशी एकजीव होतो. तो अडवावा कसा?

अमेरिकेत वॉशिंग्टन राजधानीची उभारणी होत असता, १७९१ साली मेरीलँड राज्याने कारागिराच्या येण्याचा बोजा इमारतीवर कायद्याने मान्य केला. पुढे तेथे हप्ता मिळताच त्यापुरता बोजा सोडल्याची फारखत देण्याची रीत पडली. आमच्याकडे तसा बोजा नाही. तथापि ‘आता काही येणे नाही’ असा कागद पुष्कळदा अखेरचे देयक देण्यापूर्वीच मागितला जातो.

बोघारा पॉलीफॅब या विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे ठरविले की, दडपणाखाली घेतलेल्या अशा कागदाने लवादाचा मार्ग बंद होत नाही. मात्र दडपण होते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावरच येतो.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमचे सांगणे असे : मोजमापाच्या नोंदींची नक्कल जवळ ठेवावी, मिळाले तेवढ्याचीच पावती द्यावी, उरलेली रक्कम व अनामत तीवर आकड्यांत लिहावी, आणि पूर्ण फारखत पूर्ण पैसा हाती आल्यावरच द्यावी. भिंत अडविता येत नाही. सही मात्र राखून ठेविता येते.