मुदत संपण्याआधी: ‘फॅन्टॅस्टिक फोर’ बुडाला त्याचा घटनाक्रम

शुक्रवार, ७ ऑगस्ट २०१५. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा ‘फॅन्टॅस्टिक फोर’ अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि पहिल्या तीन दिवसांतच बुडाला. खापर कोणी दिग्दर्शक जॉश ट्रँकवर फोडलं, कोणी स्टुडिओवर. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये निर्माण केलेल्या या चौघा सुपरहिरोंचं पडद्यावरचं आयुष्य सुरुवातीपासून करारातल्या मुदतींनी हाकललं गेलं. त्यामुळे घड्याळ बरंच मागे न्यावं लागतं. खालचे तास ६ आणि ७ ऑगस्टच्या मधली मध्यरात्र शून्य धरून मोजले आहेत.

सुमारे १,९८,००० तास आधी: सोमवार, २८ डिसेंबर १९९२, लॉस एंजेलिस

जर्मन निर्माता बर्न्ड आयशिंगर याच्या कॉन्स्टँटिन फिल्म या कंपनीकडे ‘फॅन्टॅस्टिक फोर’चे सिनेमाचे हक्क १९८६ पासून होते. मार्व्हलला तेव्हा पैशांची गरज होती आणि पात्रांना हॉलिवूडमध्ये फारशी किंमत नव्हती, म्हणून ते स्वस्तात गेले. अट एकच: ३१ डिसेंबर १९९२ पर्यंत चित्रीकरण सुरू झालं नाही, तर हक्क परत मार्व्हलकडे. आयशिंगरच्या डोक्यात चार कोटी डॉलरचा सिनेमा होता, पण तेवढा पैसा उभा राहिला नाही. शेवटी तो रॉजर कॉर्मनकडे गेला. अगदी कमी पैशांत आणि कमी दिवसांत सिनेमा उरकण्यात कॉर्मनचा हात धरणारा कोणी नव्हता. बजेट ठरलं सुमारे दहा लाख डॉलर. मुदतीचे चार दिवस, म्हणजे ९६ तास, उरले असताना कॉर्मनच्या स्टुडिओत कॅमेरा सुरू झाला.

आपल्याकडे सातबाऱ्यावर पीकपाहणीला नाव लागावं म्हणून घाईने नांगर घालतात, पीक येवो न येवो. या सिनेमाची पेरणी तशीच होती. करारात चित्रीकरण ‘सुरू होणं’ महत्त्वाचं होतं, ते चांगलं होणं नव्हे.

मला खरं वाईट वाटतं ते त्या सेटवरच्या लोकांचं. दिग्दर्शक ओली सॅसोन आणि ॲलेक्स हाइड-व्हाइट, रिबेका स्टाब, जे अंडरवूड, मायकल बेली स्मिथ हे कलाकार मन लावून काम करत होते. संगीतकार बंधू डेव्हिड आणि एरिक वुर्स्ट यांनी ४८ वादकांचा वाद्यवृंद मिळावा म्हणून खिशातले ६,००० डॉलर घातले. केवळ ताबा दाखवण्यासाठी चाललेल्या कामात कोणी असा पैसा घालत नाही. त्यांच्या लेखी तो सिनेमाच होता.

सुमारे १,८९,००० तास आधी: १९ जानेवारी १९९४

मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये त्या सिनेमाचा प्रीमियर व्हायचा होता. तो रद्द झाला आणि सिनेमा चित्रपटगृहात कधीच लागला नाही. हा सिनेमा दाखवण्यासाठी नव्हताच, असं स्टॅन ली यांनी पुढे सांगितलं. आयशिंगरने ते नाकारलं. मार्व्हलच्या बाजूने एव्ही अराड यांनी काही वर्षांनी सांगितलं, की स्वस्त सिनेमामुळे पात्रांची किंमत घसरेल या भीतीने आपण तो विकत घेऊन त्याच्या प्रती नष्ट करायला लावल्या. कलाकारांनी स्वतःच्या पैशाने त्याची प्रसिद्धी केली होती.

मालक मार्व्हल, हक्क कॉन्स्टँटिनकडे, सिनेमा कॉर्मनने केला आणि तो लोकांना दिसू नये हे तिसऱ्याच खोलीत ठरलं. २०१५ मध्ये फक्त माणसं बदलली.

मधली वर्षं भरभर ओलांडता येतात. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. एक्स-मेन त्याआधीच फॉक्सकडे गेले होते आणि स्पायडर-मॅन पुढे सोनीकडे गेला. आयशिंगरने धरून ठेवलेल्या हक्कांवर कॉन्स्टँटिन आणि फॉक्सने २००५ आणि २००७ मध्ये दोन सिनेमे केले. ते चालले, पण तिसऱ्याची मागणी होईल इतके नाही. इतक्यात ‘आयर्न मॅन’ आला आणि मार्व्हल स्वतःच स्टुडिओ बनला. भाडेकरूंच्या घरांवर मालकाची नजर होतीच, आता त्याच्या हातात पैसाही आला.

सुमारे २४,५०० तास आधी: ऑक्टोबर २०१२

फॉक्सकडे मार्व्हलचा डेअरडेव्हिलही होता. त्याचं चित्रीकरण मुदतीत सुरू झालं नाही आणि हक्क मार्व्हलकडे परत गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात बातम्या आल्या होत्या, की मार्व्हल मुदत वाढवून द्यायला तयार आहे, पण बदल्यात त्याला गॅलॅक्टस आणि सिल्व्हर सर्फर हवे आहेत. ही दोन्ही पात्रं ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या गोतावळ्यातली. सौदा झाला नाही.

फॉक्सला यातून एकच धडा मिळाला असणार: स्वस्थ बसलं की पात्र हातचं जातं. त्याच उन्हाळ्यात ‘फॅन्टॅस्टिक फोर’साठी जॉश ट्रँकचं नाव जाहीर झालं होतं. त्याच्या ‘क्रॉनिकल’ने १ कोटी २० लाखांच्या खर्चावर १२ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली होती. वय तिशीच्या आत. निवड वाईट नव्हती. पण दिग्दर्शक आपली गोष्ट घेऊन स्टुडिओकडे आला नव्हता. मुदत असलेल्या मालमत्तेसाठी स्टुडिओने दिग्दर्शक शोधला होता.

सुमारे ११,००० तास आधी: ५ मे २०१४, बॅटन रूज, लुईझियाना

चित्रीकरण सुरू झालं. ट्रँकला हवा होता शरीराच्या भीतीचा सिनेमा. डेव्हिड क्रोननबर्गच्या ‘द फ्लाय’ आणि ‘स्कॅनर्स’चा तो उघडपणे दाखला देत असे. अंग रबरासारखं ताणलं जाणं, सर्वांगाला आग लागणं, कातडीचा दगड होणं या गोष्टी माणसाला सुखाच्या वाटणार नाहीत, हा त्याचा विचार मला आजही पटतो. पटकथेचा पहिला लेखक जेरेमी स्लेटर याला मात्र मार्व्हलच्या धर्तीचा, हलका आणि भव्य सिनेमा हवा होता. त्यानंतर सायमन किनबर्ग लेखक म्हणून आला आणि तोच निर्माताही होता. निर्मात्यांमध्ये त्याच्याबरोबर मॅथ्यू वॉन, हच पार्कर, ग्रेगरी गुडमन आणि कॉन्स्टँटिनचा रॉबर्ट कुल्झर ही नावं होती. १९८६ च्या कराराची सावली अशी श्रेयनामावलीपर्यंत आली होती.

कॅमेरा सुरू होण्याच्या सुमारास स्टुडिओने बजेटला कात्री लावल्याचं आणि मोठे ॲक्शन प्रसंग गेल्याचं नंतरच्या वृत्तांमधून पुढे आलं. सिनेमा पाहिला की हे खरं वाटतं. शंभर मिनिटांत हे चौघे एकत्र लढतात ते अगदी शेवटी, तेही थोडा वेळ.

चौघांपैकी जॉनी स्टॉर्म या कॉमिकमधल्या गोऱ्या पात्राची भूमिका कृष्णवर्णीय मायकल बी. जॉर्डनला दिली म्हणून ट्रँकला धमक्या येत होत्या. त्या काळात आपण उशाशी पिस्तूल ठेवून झोपत होतो, असं त्याने २०२० मध्ये पॉलिगॉन या संकेतस्थळाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं. सेटवर तो कसा वागला याबद्दल बरंच छापून आलं. त्यातलं किती खरं याचा निवाडा मी करणार नाही. पण भीतीत जगणाऱ्या माणसावर एवढ्या मोठ्या सिनेमाचा भार होता आणि त्याचा भार हलका करणारं कोणी दिसत नाही, हे नोंदवायलाच हवं.

सुमारे ५,००० तास आधी: जानेवारी २०१५

ठरलेली प्रदर्शनाची तारीख ६ मार्च होती. ती आधी जूनवर आणि मग ऑगस्टवर गेली. लॉस एंजेलिसमध्ये काही भाग पुन्हा चित्रित होऊ लागला आणि सूत्रं कोणाकडे आहेत हा प्रश्न उघडा पडला. संकलक म्हणून स्टीफन रिव्हकिनला आणलं होतं. पॉलिगॉनच्या त्याच मुलाखतीत ट्रँक म्हणाला, की प्रत्यक्षात दिग्दर्शक रिव्हकिनच झाला होता. म्हणजे खुर्चीवर नाव एकाचं आणि कोणती फ्रेम राहणार हे ठरवणारा दुसरा. सिनेमात ही शिवण दिसते. अभिनेत्री केट माराने पुनर्चित्रीकरणात विग घातला होता, तो प्रेक्षकांनी ओळखला. चौघांना शक्ती मिळते, सिनेमा पहिल्यांदा श्वास रोखायला लावतो आणि त्याच क्षणी पडद्यावर ‘एक वर्षानंतर’ अशी पाटी येते. ज्या वर्षात खरी गोष्ट घडली असती, तेच वर्ष गायब.

सुमारे ४,३०० तास आधी: ९ फेब्रुवारी २०१५

याच दिवशी शहराच्या दुसऱ्या भागातून एक घोषणा झाली: सोनी आणि मार्व्हल मिळून स्पायडर-मॅन करणार. तिचा मजकूर आजही वाचण्यासारखा आहे. पैसा सोनीचा, वितरण सोनीचं, मालकी सोनीची आणि सर्जनशील बाबींत अखेरचा शब्दही सोनीचाच. पण सिनेमा घडवणार मार्व्हलचा केव्हिन फायगी, सोनीच्या एमी पास्कलबरोबर.

सोनीच्या मानेवरही घड्याळ होतंच. २०१४ च्या अखेरच्या सायबर हल्ल्यात सोनीची कागदपत्रं फुटली आणि स्पायडर-मॅनचा करार जगासमोर आला. आधीचा सिनेमा लागल्यापासून पावणेचार वर्षांत पुढच्याचं चित्रीकरण सुरू व्हायला हवं आणि पावणेसहा वर्षांत तो प्रदर्शित व्हायला हवा, अशी त्यातली अट. मुदत सगळ्यांनाच असते. सोनीने सही आपल्याकडे ठेवली आणि रोजचे निर्णय पात्र ओळखणाऱ्याच्या हाती दिले. फॉक्समध्ये सही एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे, संकलन तिसऱ्याकडे आणि नाव चौथ्याचं होतं. ताबा वाटून घेण्यात वाईट काही नाही. प्रत्येकाचा वाटा कुठे संपतो हे आधी लिहून ठेवावं लागतं, आणि ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या सेटवर तेच झालेलं दिसत नाही.

सुमारे २,३५० तास आधी: १ मे २०१५

ट्रँक ‘स्टार वॉर्स’च्या एका स्वतंत्र सिनेमातून बाहेर पडल्याची घोषणा झाली. एप्रिलच्या अखेरीस मार्व्हलने ‘फॅन्टॅस्टिक फोर’चं कॉमिकही ६४५ व्या अंकावर थांबवलं होतं. सिनेमा शंभर दिवसांवर आलेला असताना मूळ कंपनीच्या दुकानात या चौघांचा नवा अंक मिळेनासा झाला. ज्याला नफ्यातून फारसं काही मिळत नाही, तो मालक भाडेकरूचं दुकान सजवायला धावत नाही. सिनेमाची त्रिमिती आवृत्तीही रद्द झाली.

शेवटचे २४ तास: गुरुवार, ६ ऑगस्ट २०१५

परीक्षणं आली होती आणि जवळजवळ सगळी विरोधात होती. रॉटन टोमॅटोजवर अनुकूल परीक्षणांचा आकडा शेवटी नऊ टक्क्यांवर स्थिरावला.

संध्याकाळी ट्रँकने ट्विट केलं. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ झाली होती. वर्षापूर्वी माझ्याकडे याचं अफलातून रूप होतं, त्याला उत्तम परीक्षणं मिळाली असती, तुम्हाला ते बहुधा कधीच दिसणार नाही, असा त्याचा आशय. थोड्याच वेळात त्याने ते पुसलं, पण तोवर त्याची छायाचित्रं जगभर फिरली होती.

त्यातल्या ‘वर्षापूर्वी’ या शब्दापाशी मी थबकतो. बरोबर वर्षापूर्वी, ऑगस्ट २०१४ च्या सुरुवातीला, चित्रीकरण अजून चालूच होतं. ते महिनाअखेरीस आटोपलं. म्हणजे ज्या सिनेमाचं दुःख तो करत होता, तो पूर्ण झालेला सिनेमा नव्हता. काही चित्रित केलेली दृश्यं आणि बाकी सगळं त्याच्या मनातलं. म्हणून त्याचं दुःख खोटं ठरत नाही. उलट, कुठे काही बिनसायला लागलं होतं याचा अंदाज त्या शब्दाने येतो.

शून्य: शुक्रवार, ७ ऑगस्ट

गुरुवार रात्रीच्या खेळांची कमाई सुमारे २७ लाख डॉलर. ट्विटमुळे प्रेक्षक पळाले असं पुष्कळांनी लिहिलं, मला ते पटत नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोअरने ‘सी मायनस’ दिला. पहिल्या रात्री येणारे बहुतेक लोक त्या पात्रांवर प्रेम करणारे असतात. त्यांनीच हा शेरा मारला म्हटल्यावर दिग्दर्शक काहीही बोलला असता किंवा गप्प बसला असता, तरी शनिवार वाचला नसता.

७२ तासांनंतर

पहिल्या तीन दिवसांची कमाई सुमारे २ कोटी ५७ लाख डॉलर. ‘मिशन: इम्पॉसिबल – रोग नेशन’ दुसऱ्या आठवड्यातही पहिल्या जागी राहिला. जगभरची एकूण कमाई सुमारे १६ कोटी ८० लाखांवर थांबली, आणि निव्वळ निर्मितीचा खर्चच किमान १२ कोटी होता. प्रसिद्धीचा खर्च आणि चित्रपटगृहांचा वाटा वेगळा. ९ जून २०१७ ही पुढच्या भागाची तारीख वर्ष संपायच्या आत वेळापत्रकातून गेली.

पण कराराच्या अंगाने पाहिलं, तर सिनेमाने त्याचं काम चोख केलं. चित्रीकरण झालं, प्रदर्शन झालं, पात्रं फॉक्सकडेच राहिली. या हिशोबात १९९२ च्या दहा लाखांच्या सिनेमात आणि २०१५ च्या बारा कोटींच्या सिनेमात काडीचा फरक नव्हता.

पुढे मुदत संपून हक्क परत जाण्याची वेळ आलीच नाही. २० मार्च २०१९ ला, न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे १२ वाजून २ मिनिटं झाली असताना, सुमारे ७१ अब्ज डॉलरचा व्यवहार अमलात आला आणि फॉक्सचा स्टुडिओच डिस्नीच्या मालकीचा झाला. त्याबरोबर ‘फॅन्टॅस्टिक फोर’ डिस्नीच्याच मार्व्हल स्टुडिओजच्या हाती आले. फायगीने घाई केली नाही. मार्व्हल स्टुडिओजने केलेला या चौघांचा पहिला सिनेमा २५ जुलै २०२५ ला लागला.