परसबागेतील फुलपाखरे : न्यू जर्सीच्या अंगणातून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत

अमेरिकेच्या ईशान्य भागातील मराठी घरांच्या मागील अंगणात उन्हाळा आला की मेथी, कोथिंबीर आणि शेपू यांचे वाफे हटकून दिसतात. जून-जुलैत शेपूच्या काड्यांवर एखादी जाड हिरवी अळी आढळते. तिच्या अंगावर काळे पट्टे आणि त्यांवर पिवळे ठिपके असतात. बोटाने डिवचल्यास ती डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. कीड समजून बहुतेक जण तिला उचलून टाकतात. वस्तुतः ती ब्लॅक स्वॉलोटेल या फुलपाखराची अळी असते आणि हेच २०१६पासून न्यू जर्सीचे राज्य फुलपाखरू आहे. महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मॉन, अर्थात राणी पाकोळी, हे त्याच्याच पॅपिलिओ या प्रजातीतले. कोकणात लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवरील अळी डिवचून तिचे लाल शिंग ज्यांनी बालपणी पाहिले असेल, त्यांना हे साम्य चटकन उमगेल.

अशी एक अळी वाचवणे क्षुल्लक वाटेल. परंतु 'सायन्स' या नियतकालिकात मार्च २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील फुलपाखरांची एकूण संख्या २००० ते २०२० या दोन दशकांत २२ टक्क्यांनी घटली आहे. अधिवासाचा नाश, कीटकनाशके आणि हवामानबदल ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. यांपैकी पहिल्या दोहोंवर घरमालकाचा थोडाफार ताबा असतो.

अळीचे अन्न आधी, फुले नंतर

फुलपाखरांसाठी बाग म्हणजे रंगीत फुलांचा ताटवा, ही समजूत अपुरी आहे. फुलातील मधुरस हे प्रौढ फुलपाखराचे अन्न होय. मादी अंडी घालते ती मात्र ठरावीक वनस्पतींवरच, कारण अळ्यांना तीच पाने पचतात. ब्लॅक स्वॉलोटेलला शेपू, बडीशेप, पार्सली आणि गाजराचा पाला चालतो. ईस्टर्न टायगर स्वॉलोटेलला ट्यूलिप वृक्ष व रानटी चेरी लागते, स्पाइसबुश स्वॉलोटेलला स्पाइसबुश किंवा सॅसाफ्रास, तर ग्रेट स्पँगल्ड फ्रिटिलरीला हिरवळीत उगवणारी साधी व्हायोलेट. म्हणूनच नर्सरीत सर्रास मिळणारे बटरफ्लाय बुश हे झुडूप फसवे ठरते. त्याच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी होते. पण येथील स्थानिक फुलपाखरांच्या अळ्यांना त्याच्या पानांचा फारसा उपयोग नसतो आणि काही राज्यांत ते आक्रमक वनस्पती गणले जाते.

मधुरसासाठी कोनफ्लॉवर, जो-पाय वीड, न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर आणि गोल्डनरॉड या स्थानिक वनस्पती उत्तम. शरदातील शिंकांचे खापर गोल्डनरॉडवर फोडले जाते, ते अन्यायाचे आहे. त्याचे परागकण जड व चिकट असतात आणि ते कीटकांमार्फत वाहिले जातात. त्रास होतो तो त्याच सुमारास फुलणाऱ्या रॅगवीडच्या हवेत तरंगणाऱ्या परागांमुळे.

मोनार्क आणि रुईचे कूळ

मोनार्क हे या खंडातील सर्वांत परिचित फुलपाखरू. त्याची अळी केवळ मिल्कवीडची पाने खाते. मिल्कवीड हे आपल्या रुईच्या कुळातले. पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. महाराष्ट्रात रुईवर वाढणारे प्लेन टायगर आणि येथील मोनार्क ही दोन्ही डॅनाउस या एकाच प्रजातीतली फुलपाखरे होत. पानांतील विषारी द्रव्य अंगात साठवून पक्ष्यांपासून बचाव करण्याची रीतही दोघांची सारखीच.

उन्हाळ्यातील मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतो. ऑगस्टच्या अखेरीपासून जन्मणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते. ती प्रजनन लांबणीवर टाकते आणि काही हजार किलोमीटर उडत मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतील ओयामेल फरच्या अरण्यात हिवाळा काढते. ही जागा शास्त्रज्ञांना १९७५मध्ये उमगली. तेथे मोनार्कनी व्यापलेले क्षेत्र मोजून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधला जातो. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होते. २०१३-१४मध्ये ते ०.६७ हेक्टरपर्यंत घसरले, तर २०२४-२५मध्ये १.७९ हेक्टर भरले. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने मोनार्कला 'संकटग्रस्त होण्याच्या मार्गावरील' प्राण्यांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला.

ईशान्येतील बागेत कॉमन, स्वॅम्प आणि बटरफ्लाय वीड हे मिल्कवीडचे तीन प्रकार सहज रुजतात. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. महाराष्ट्रात हळदीकुंकू म्हणून ओळखले जाणारे लाल-पिवळ्या फुलांचे झाड अमेरिकेत ट्रॉपिकल मिल्कवीड या नावाने विकले जाते. ओळखीचे म्हणून ते लावण्याचा मोह होतो. न्यू जर्सीत ते थंडीने मरते. पण टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या उबदार राज्यांत ते वर्षभर हिरवे राहते. परिणामी मोनार्क तेथेच रेंगाळतात आणि पानांवर साठणाऱ्या ओई नावाच्या परजीवीचा त्यांच्यात फैलाव होतो. दक्षिणेतील वाचकांनी स्थानिक जाती निवडाव्यात. हे झाड आधीच असल्यास शरदात जमिनीलगत छाटावे.

टाळावयाच्या गोष्टी

डासांसाठी अंगणभर फवारणी करून देणाऱ्या सेवांचा वापर उपनगरांत बराच होतो. त्यातील पायरेथ्रॉइड औषधे डास आणि अळी असा भेद करीत नाहीत. त्याऐवजी साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून देणे हितावह. नर्सरीतून रोप घेताना त्यावर निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारावे. हे औषध पानांत व मधुरसातही उतरते.

शरदात सगळी पाने गोळा करून पिशव्यांत भरण्याची शिस्तही फुलपाखरांच्या मुळावर येते. स्वॉलोटेल वाळक्या काड्यांवर कोषरूपात हिवाळा काढतात, तर फ्रिटिलरीच्या नवजात अळ्या पालापाचोळ्यात दडतात. निदान कुंपणालगतचा एक कोपरा वसंतापर्यंत तसाच ठेवावा. अनेकांना येथे एचओएच्या नियमांची धास्ती वाटते. मेरीलँड राज्याने २०२१मध्ये कायदा करून स्थानिक वनस्पतींच्या बागांवर सरसकट बंदी घालण्यास अशा संघटनांना मनाई केली आहे. इतरत्र नियमावली वाचून, बागेला आखीव कडा देऊन आणि छोटी पाटी लावून बहुधा मार्ग निघतो.

मुलांना रूपांतर दाखवण्यासाठी बागेतील एखादी अळी काचेच्या बरणीत वाढवणे गैर नाही. मात्र मोनार्कच्या अळ्या विकत आणून मोठ्या संख्येने सोडू नयेत. व्यावसायिक पैदाशीतील मोनार्कची दक्षिणेची दिशा धरण्याची क्षमता हरपल्याचे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९मध्ये दाखवून दिले आहे.

अंगणाबाहेर

फुलपाखरे शीतरक्ताची असल्याने ऊन पडलेला, वारा मंद असलेला दिवस निवडावा. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ उत्तम. सकाळी ती पंख पसरून ऊन खातात, तेव्हा निरीक्षण सोपे जाते. ओलसर मातीवर नर क्षार शोषण्यासाठी घोळक्याने जमतात. दोन मीटरवरील वस्तू स्पष्ट दाखवणारी दुर्बीण उपयोगी पडते. आपली सावली फुलपाखरावर पडू देऊ नये. मागील पंखावर आडवी काळी रेघ असेल तर तो मोनार्क नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा व्हाइसरॉय होय.

उंच गवताची कुरणे, विजेच्या तारांखालचे मोकळे पट्टे आणि दलदलींचे काठ ही हमखास ठिकाणे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरील केप मे येथे उपसागर ओलांडण्यापूर्वी मोनार्क विसावतात. उत्तरेकडून वारा वाहू लागल्यानंतरचे दिवस तेथे जाण्यास विशेष अनुकूल. गवतातून फिरताना लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडींची काळजी घ्यावी. फिकट रंगाची पूर्ण विजार मोज्यांत खोचावी आणि परतल्यावर अंग तपासावे.

नोंदींचे मोल

फुलपाखरांविषयीची बरीचशी आकडेवारी हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभी आहे. नॉर्थ अमेरिकन बटरफ्लाय असोसिएशनची वार्षिक गणना १५ मैल व्यासाच्या वर्तुळांत होते आणि तीत नवख्यांनाही सहभागी होता येते. कॅन्सस विद्यापीठातील मॉनार्क वॉच हा उपक्रम १९९२पासून मोनार्कच्या पंखावर क्रमांकाची चिकटपट्टी लावतो. त्या शरदातील खेपेपूर्वी मागवता येतात. आयनॅचरलिस्टवर छायाचित्र चढवले तरी नोंद होते. दिनांक, स्थळ, जात आणि संख्या या चार बाबी दर आठवड्याला टिपत गेल्यास चार-पाच वर्षांत आपल्याच अंगणाचा एक विश्वासार्ह इतिहास तयार होतो. त्याची सुरुवात शेपूच्या वाफ्यातील दोन काड्या अळीसाठी सोडून करता येईल.